पावाची गाडी

लाल बस जांबोटीतनंच माघारी फिरली.
कंडक्टर म्हणाला, पुढं रस्ता नाही, नुसतं वारं आहे.
मग मी बास्त्यावच्या ओम्नीत बसले.
मागं ताडपत्रीखाली पावाचे अठरा ट्रे,
माझ्या मांडीवर शाळेचं घड्याळ,
खडेबाजारात दुरुस्त केलेलं,
टॉवेलात गुंडाळलेलं, चालू.

"बंद करून न्यायचं की ओ बाई."
म्हटलं, दुकानदार म्हणालाय थांबू देऊ नका.

कणकुंबीच्या अलीकडं झाडी तुटली, सडा लागला.
वाऱ्यानं गाडीचं दार चाचपलं,
मग सगळी गाडीच चाचपली,
आंधळ्यानं पाहुण्याचं तोंड चाचपावं तशी.
वायपर एकच, तोही त्याच्या बाजूचा.
माझ्या बाजूला जग नव्हतं.

"आपल्या टपावर पडतंय ना पाणी," तो सांगूलाला,
"ह्या अंगाचं मलप्रभेत जातंय, त्या अंगाचं म्हादईत.
दोन समुद्रांच्या मधनं चाललाय आपला पाव."
समुद्र बघितलाय का तुम्ही?
"एकच. ल्हानपणी. ओहोटी होती."

गाव आलं हे त्यालाच कळायचं.
भोंगा: दोन आखूड, एक लांब.
धुक्यातनं आधी हात यायचा,
हातात मोजके पैसे,
त्यामागं खोळीतला माणूस, आला तर.
किती, हे कुणी बोलत नव्हतं.
एका हाताला त्यानं विचारलं, "आज तू कसा? भाऊ कुठाय?"
हात म्हणाला, ताप आलाय.
त्या हातावर एक पाव जास्तीचा गेला.

पारवाड फाट्याच्या आधी किंजळ आडवा.
मुळासकट, रस्त्याचा एक तुकडा उराशी धरून.
फांद्यांपलीकडं दोन पिवळे दिवे:
महांतेशची दुधाची गाडी, बेळगावला निघालेली.

दोघं खाली उतरले. बोलले म्हणावं
तर वाऱ्यात तोंडंच फक्त हलत होती,
एकाचं कन्नडात, एकाचं आमच्यात.
मग काही न ठरवल्यासारखं
इकडचे ट्रे तिकडं,
तिकडचे कॅन इकडं,
खोडावरनं, माझ्या डोक्यावरनं.
घड्याळ मी पोटाशी धरून ओलांडलं,
कुणाचं तरी मूल धरावं तसं.

शेवटी किल्ल्या.
बास्त्यावनं आपली दिली, आणि दिल्यावर
पुन्हा एकदा खिसा चाचपला.
"नाळी तगोरी," महांतेश म्हणाला,
म्हणजे उद्या घ्या.
ओम्नीचा दुसरा गिअर दाबून टाकावा लागतो
हे त्याला हातवाऱ्यांनीच कळलं.

परक्या गाडीला दुधाचा आंबूस वास,
काचेला यल्लम्मा, पायाशी कुणाची तरी छत्री.
वायपर दोन. पहिल्यांदाच मला दिसलं
की रस्त्याला माझ्याही बाजूला दरी आहे.

पहिल्या वाडीला त्यानं भोंगा वाजवला.
दोन आखूड, एक लांब.
पण आवाज दुधाचा होता.
दूध तर पहाटेच घालून झालेलं.
कुणी आलं नाही.
पुन्हा वाजवला. धुकं होतं तसंच.

तो खाली उतरला. घसा खाकरला.
वीस वर्षं ह्या वाटेवर
त्याच्या वतीनं गाडीच बोलत आलेली.
"पाव," तो म्हणाला,
मला सांगितल्यासारखा.
मग वाऱ्याकडं पाठ करून, जरा मोठ्यानं, "पाव!"
मग डोळे मिटून.

एक दार वाजलं.
"कोण ओरडूलालंय?"
"मी! बास्त्याव!"
"खोटं. तो मुकाय."

चौथ्या वाडीपर्यंत आवाज बसला होता
आणि त्याला मजा येऊ लागली होती.
चहाचा पाव, बटर, खारी,
नसलेली नानखटाईसुद्धा तो ओरडला.

शाळेत पोरं सात. छप्पर होतं.
घड्याळ खिळ्याला लावलं,
आठ वाजून दहा मिनिटं.
खरं की खोटं, विचारायला मोबाइलला रेंज नव्हती.
त्याच्यावरच मी घंटा दिली.